मापसाहेबांची दुसरी बॅटरी

मापसाहेबांना या सगळ्यात मिळवायचं होतं ते एवढंच: साडूच्या गावी दहा दिवस राहायचं आणि साडूच्या घरात एकदाही पाठ टेकायची नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याचा साडू धान्याचा ठोक व्यापारी आहे आणि जो स्वतः चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून दुकानदारांचे काटे तपासत फिरला आहे, त्याने या सौद्याची किंमत मनातल्या मनात करून पाहावी. मागे एकदा पाहुण्यांनी भरलेल्या घरात साडू म्हणाला होता, "साहेब आलेत रे, काटे आत ठेवा." सगळे हसले. मापसाहेबही हसले. आणि आपण का हसलो, याचा राग त्यांना पुढे अकरा वर्षं पुरला.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे बिल्डिंगभर ज्यांना वहिनी म्हणतात त्यांना, मिळवायचं होतं ते वेगळं. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी सकाळी नऊला ठरलं होतं. ताईंना आत नेतील तेव्हा त्यांचा हात आपल्या हातात असावा, बाकी काही नको. रस्ता दोन दिवसांचा. वहिनी इन्शुलिन घेतात, ते गार ठेवावं लागतं, आणि दिवस असे होते की बंद गाडीत ठेवलेली मेणबत्ती दुपारपर्यंत वाकून नमस्कार करायची.

या दोन्ही मागण्यांवरचा तोडगा खाली पार्किंगमध्ये उभा होता. शाळेची जुनी व्हॅन घेऊन मापसाहेबांनी तिच्यात पलंग, छोटा ओटा, पंखा, दोन दिवे आणि बादलीएवढा फ्रिज बसवला होता. फ्रिजसाठी पलंगाखाली दुसरी बॅटरी. इंजिन चालू असलं की पुढची बॅटरी आणि ही दुसरी, दोन्ही भरायच्या. इंजिन बंद झालं की दुसरीने एकटीने संसार ओढायचा. बॅटरीवर विश्वास ठेवण्यात मापसाहेबांना काही अडचण नव्हती. त्यांचा अविश्वास फक्त माणसांवर होता.

आदल्या सोमवारी चाचणी झाली. गाडी तीन तास फिरवून आणली, फ्रिजमध्ये लोण्याचा डबा ठेवला आणि मंगळवारी सकाळी दोघं खाली उतरली. वहिनींनी डबा उघडून बोट घातलं. बोट तळाला लागलं.

"हे लोणी होतं," वहिनी म्हणाल्या.

"आहे."

"होतं."

मग त्यांनी पदराला बोट पुसलं आणि अतिशय शांतपणे अट घातली. शनिवारी सकाळपर्यंत फ्रिज नीट झाला तर गाडीने जाऊ. नाहीतर त्या बर्फाच्या थर्मासमध्ये औषध घालून दुपारी बाराच्या बसने निघणार. "तुम्ही मग सावकाश या," त्या म्हणाल्या. "भावोजींकडे तुमची खोली तयारच असेल."

वहिनी आवाज चढवतात तेव्हा मापसाहेब घाबरत नाहीत. त्या आवाज उतरवतात तेव्हा घाबरतात.

त्यांनी त्याच दिवशी व्होल्ट मोजायचं एक मीटर आणलं. लाल तार, काळी तार, काळ्या तारेला चिमटा. चिमटा त्यांनी दाराच्या बिजागरीच्या लोखंडी स्क्रूला लावला, कारण तिथे तो छान बसायचा आणि वाकावं लागायचं नाही. लाल टोक घेऊन मग जिथे शंका येईल तिथे ते लावायचं. इंजिन चालू करून बॅटरीला लावलं: चौदा पॉइंट दोन. उत्तम. बॅटरी भरतेय. इंजिन बंद केलं: अकरा पॉइंट आठ. रिकामी. पुन्हा चालू: चौदा पॉइंट दोन. बंद: अकरा पॉइंट आठ. म्हणजे समोर वाढलेलं ताट दिसतंय, घास तोंडापर्यंत जातोय आणि पोट मात्र रिकामं. मापसाहेबांनी वही काढली, रकाने आखले: वेळ, ठिकाण, आकडा, शेरा. बुधवारी दुपारपर्यंत सेहेचाळीस नोंदी झाल्या. शेऱ्याच्या रकान्यात सेहेचाळीस वेळा 'अनाकलनीय' लिहिलं होतं, शेवटच्या काही नोंदींत तर तो शब्द त्यांनी कंटाळून 'अना.' असा केला होता.

माणूस गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला की त्याला मदत लागो न लागो, सल्ला मिळतोच. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आधी आले. त्यांनी बॅटरीकडे थकलेल्या कर्जदाराकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्ही हिला सारखं तपासता ना, तिथेच चूक आहे," ते म्हणाले. "थोडी मोकळीक द्या. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, नोटीस पाठवली की पैसे भरायचं नाही. सोडून दिलं, तर भरून गेलं."

"बॅटरीला नोटीस कळत नाही हो."

"बघा बुवा. आम्ही माणसांत राहिलो, तुम्ही मापांत."

मग तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानदारांनी इंजिनाला पोषण कमी पडत असल्याचं निदान केलं. कुणाचं पोषण, कसलं, हे त्यांनी सांगितलं नाही. दुकानात ते गिऱ्हाइकांनाही सांगत नाहीत.

निदान तात्पुरती तरी भिंतीवरच्या बटणावरून बॅटरी भरून पाहू, म्हणून मापसाहेब सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. पार्किंगमधली वीज सामाईक, त्यामुळे अर्ज. अर्जात दोनच रकाने: वाहन की बिऱ्हाड.

"वाहन," मापसाहेब म्हणाले.

"वाहनाला वीज देता येत नाही. वाहन पेट्रोलवर चालतं."

"मग बिऱ्हाड लिहा."

"आत काय काय आहे?"

"पलंग, ओटा, फ्रिज, पंखा."

"म्हणजे बिऱ्हाडच आहे," सेक्रेटरी दुःखाने म्हणाले. "आणि बिऱ्हाडाला पार्किंगमध्ये राहता येत नाही. हे तुम्ही आता स्वतः सांगितलंत, म्हणून मला लिहून घ्यावं लागेल. शिवाय तुम्ही मागच्या महिन्यात खाली सगळीकडे तो गंज रोखायचा हिरवा रंग फासत होतात, त्याच्या वासाची तक्रार अजून उघडी आहे."

मापसाहेब वीज मागायला गेले आणि दोन प्रकरणं घेऊन परत आले.

गुरुवारी त्यांनी बॅटरी उपसून कंपनीच्या सेवा केंद्रात नेली. बॅटरीचं वजन एकतीस किलो. ते पावतीवर लिहिलेलं होतं आणि मापसाहेबांच्या कमरेला पटलंही. पहिल्या खिडकीवरची बाई म्हणाली, ही घरगुती बॅटरी आहे, गाडीत बसवलीत म्हणजे खिडकी दोन. खिडकी दोनवरचा माणूस म्हणाला, गाडीत असली तरी गाडी ढकलत नाही, फ्रिज चालवते, म्हणजे घरगुती, खिडकी एक. एकतीस किलो हातात घेऊन मापसाहेब तीनदा इकडून तिकडे गेले. अखेर खिडकी दोनवाल्याला दया आली. त्याने बॅटरी आत नेली, भरली, रिकामी केली, पुन्हा भरली आणि संध्याकाळी बाहेर आणून ठेवली.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बसा काका, तुम्हाला पाणी देऊ का?"

म्हणजे बॅटरी निर्दोष. भरलेली बॅटरी बसवली तशी ती फ्रिज चालवू लागली, आणि मापसाहेब एका संध्याकाळपुरते पुन्हा नवरा झाले. पण हे कर्ज काढून सण साजरा करण्यासारखं होतं. गाडी फिरवली तरी आत नवी भर पडत नव्हती. शुक्रवारी दुपारी आकडा पुन्हा उतरू लागला. त्यांनी फ्यूज बदलला. बॅटऱ्यांच्या मधली जाड तार बदलली. वीज इकडून तिकडे सोडणारा रिले नावाचा डबा बदलला. प्रत्येक वेळी इंजिन चालू करून लाल टोक लावलं आणि प्रत्येक वेळी चौदा पॉइंट दोन आलं. सगळीकडे चौदा पॉइंट दोन. असा एकमुखी प्रामाणिकपणा त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता, आणि तरी त्यांना संशय आला नाही.

गॅरेजवाल्यांकडे ते गेले नव्हते असं नाही. पण या गावात असा एकही धंदेवाला नव्हता ज्याला मापसाहेबांनी कधी ना कधी दंड केला नव्हता. पेट्रोल पंपाशेजारचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला हात लावायचा म्हणजे आधी माझा हात तपासून घ्याल." दुसऱ्याने महिन्यानंतरची तारीख दिली. तिसऱ्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्याखालून बोलणं केलं.

शुक्रवारी संध्याकाळी ते वर आले तेव्हा वहिनी सामान भरत होत्या. पलंगावर दोन बॅगा होत्या. एकीत वहिनींच्या साड्या, औषधांच्या सुया, ताईंसाठी विणलेली शाल. दुसरीत मापसाहेबांचे शर्ट. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि आजवर दोघांची बॅग एकच असायची. त्यांचे मोजे नेहमी तिच्या साड्यांत गुंतून सुरकुतलेले निघायचे आणि ते कुरकुरायचे. आज मोजे कसे व्यवस्थित, ओळीत लावलेले होते. बसचं तिकीट थर्मासखाली होतं, एकाच माणसाचं.

"मी उद्या सकाळी शेवटचं बघतो," ते म्हणाले.

"बघा."

"एकटी कशी जाशील दोन दिवस? वाटेत बर्फ मिळाला नाही तर?"

वहिनींनी शालीची घडी मोडून पुन्हा घातली. "तोच विचार मी मंगळवारपासून करतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज पहिल्यांदा केलात."

आता इथे मान्य करायला हवं की तोपर्यंत मापसाहेबांच्या डोक्यात साडू होता. औषधाची शिशी त्यामागे कुठेतरी उभी होती. त्या संध्याकाळी रांग उलटली.

शनिवारी सकाळी सातला ते बाजाराच्या टोकाला गेले. तिथे गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान होतं, जिथे जायचं त्यांनी आठवडाभर टाळलं होतं. दुकानदार पूर्वी कोळशाची वखार चालवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी मापसाहेबांनी तिथल्या काट्याला सील ठोकलं, वखार बसली, आणि माणूस कोळसा सोडून तारांत आला. सगळं गाव अजून त्याला वखारवालाच म्हणतं.

"या साहेब," वखारवाला म्हणाला. उठला मात्र नाही.

मापसाहेबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं: सोमवारचं ऑपरेशन, इन्शुलिन, बाराची बस, सेहेचाळीस नोंदी. साडूबद्दल काही सांगितलं नाही. वखारवाल्याने वही घेतली, पानं उलटली, 'अना.'पाशी थोडा थांबला आणि वही परत दिली. मग खिळ्यावरची पिशवी काढून खांद्याला लावली.

पार्किंगमध्ये बँकवाले आणि सेक्रेटरी आधीच हजर होते. दुसऱ्याची गाडी नीट होताना बघायला माणसं लवकर उठतात. वखारवाल्याने काहीही उघडलं नाही. त्याने विचारलं, "काळी तार कुठे लावता?"

"इथे. बिजागरीला."

"दर वेळी?"

"दर वेळी. पद्धत एकच पाहिजे, नाहीतर तुलना होत नाही."

वखारवाला बिजागरीकडे बघत राहिला. "साहेब, माझ्या वखारीत आलात तेव्हा सगळ्यात आधी काय केलंत, आठवतं?"

"काटा तपासला."

"त्याच्याही आधी."

मापसाहेबांना आठवलं. "पारडी मोकळी केली. काहीच ठेवलेलं नसताना काटा शून्यावर येतो का ते पाहिलं."

"मग इथलं शून्य बघितलंत का?"

वखारवाल्याने इंजिन चालू करायला सांगितलं, पलंगाची फळी उचलली, आपल्या मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे खिळीला लावलं आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला. "ही उणे बाजू आणि हा पत्रा, दोन्ही एकच पाहिजेत. म्हणजे इथे शून्य यायला हवं." मीटरवर दोन पॉइंट दोन आलं. "वीज नुसती येऊन चालत नाही, तिला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे हा पत्रा. तुमचे सव्वादोन व्होल्ट परतीच्या वाटेत कुणीतरी खातंय. आणि तुम्ही चिमटा चोराच्या पलीकडे लावून मोजत होता, म्हणून माप दर वेळी पुरं भरायचं."

बॅटरीची उणे तार ज्या बोल्टने पत्र्याला आवळली होती, तो त्याने सोडवला. तारेच्या कडीखाली लोखंड दिसायला हवं होतं. दिसला तो हिरवा, जाड, गुळगुळीत रंग.

"दोन हात दिलेत," सेक्रेटरी वाकून म्हणाले. त्यांना वास आठवला असावा.

"रंगाऱ्याला धरा," बँकवाले म्हणाले. "अहो, बोल्टखाली कुणी रंग लावतं का? भरपाई मागा त्याच्याकडून."

मापसाहेबांना आयुष्यात इतकी सोयीस्कर वाट क्वचितच मिळाली असेल. रंगारी खरोखर होता. बाहेरचा पांढरा रंग त्याचाच. तो तिथे हजर नव्हता आणि त्याला काही सांगताही आलं नसतं. मापसाहेबांनी बोल्टाच्या भोकाकडे पाहिलं. मागच्या महिन्यात त्यांनी एक एक बोल्ट स्वतः सोडवून, आडवं पडून, त्याच्याखाली रंग भरला होता, कारण फसवणूक होते ती नेहमी न दिसणाऱ्या जागी, असा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

"रंगारी नव्हता," ते म्हणाले. "मी लावलाय."

बँकवाल्यांनी आकाशाकडे बघितलं. सेक्रेटरींनी पहिल्यांदाच काही लिहून घेतलं नाही. वखारवाल्याने पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढून मापसाहेबांच्या हातात ठेवला. "खरवडा मग. रुपयाच्या नाण्याएवढं चकचकीत लोखंड दिसू दे."

ते पलंगाखाली आडवे झाले आणि खरवडू लागले. हिरवी पूड त्यांच्या भुवयांवर बसली. बोल्ट पुन्हा आवळला, इंजिन चालू केलं, आणि मीटर शून्य पॉइंट शून्य तीनवर येऊन थांबलं. पलंगाखालची बॅटरी बहुधा जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवायला बसली होती.

"काय द्यायचं?" मापसाहेबांनी विचारलं.

वखारवाला तारा गुंडाळत होता. "माझ्या काट्यात फरक किती होता तेव्हा?"

"किलोला बावीस ग्रॅम." हे त्यांना बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ होतं.

"मुद्दाम केलं होतं की चुकून झालं होतं, ते तुम्ही विचारलं नव्हतंत."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नसतो."

"बरोबर आहे." त्याने पिशवी खांद्याला लावली. "मीपण तुम्हाला विचारत नाही."

तो गेला. त्याने पैसे घेतले असते तर मापसाहेबांना बरं वाटलं असतं, हे त्यालाही ठाऊक असणार.

वहिनी दोन बॅगा आणि थर्मास घेऊन खाली उतरल्या तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्यांनी नवऱ्याच्या हिरव्या भुवया पाहिल्या, फ्रिज उघडून हात आत धरला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग औषध फ्रिजमध्ये ठेवलं आणि थर्मास बर्फासकट पायाशी घेतला. बसचं तिकीट त्यांनी पर्समध्येच राहू दिलं. बस सुटून गेली तरी ते तिकीट पर्समध्ये होतं. विश्वास आणि बर्फ दोन्ही बरोबर घेऊन त्या निघाल्या. वाटेत प्रत्येक थांब्यावर त्यांचा हात मीटरकडे जायचा, वहिनी त्यांच्याकडे बघायच्या, आणि हात परत यायचा. रविवारी सकाळी त्यांनी फ्रिज उघडला. लोणी सुरीने कापावं लागलं.

सोमवारी पावणेनऊला व्हॅन हॉस्पिटलच्या आवारात उभी होती. वहिनी धावत आत गेल्या. ताईंना चाकाच्या खाटेवरून नेलं तेव्हा त्यांचा हात कुणाच्या हातात होता, ते सांगायला नको.

मापसाहेब व्हॅनमध्येच थांबले. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. साडू होता. मापसाहेब मनाने कमरेला पदर खोचून बसले. काट्याचा विनोद आता येणार, कुठल्या बाजूने येणार तेवढंच बघायचं.

"साहेब, आत बसू का?" साडू म्हणाला. "तिकडे बसवत नाही."

तो पलंगावर टेकला. अकरा वर्षांत तो चांगलाच वाळला होता. ठोक व्यापाऱ्याच्या मानाने त्याची मान बारीक दिसत होती. "किती वेळ लागेल म्हणाले हो?"

"दोन तास."

पंखा फिरत होता. फ्रिज घुमत होता.

"दोन तासच ना?" साडूने पुन्हा विचारलं. आणि तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मापसाहेबांनी सांगितलं तेव्हा ते ऐकायला कुणी नव्हतं. बसल्या बसल्या साडू आडवा झाला होता, बुटांसकट, तोंड उघडं टाकून. तीन दिवस झोप नसलेला माणूस झोपतो तसा.

व्हॅन दोघांपुरती होती, पण एक जण पसरल्यावर एकापुरतीच उरते. मापसाहेब आवाज न करता बाहेर आले, दार लोटून घेतलं आणि सावली नसलेल्या त्या आवारात उभे राहिले. दोन तास चाळीस मिनिटं. इंजिन बंद होतं, आत पंखा आणि फ्रिज चालू होते, बॅटरी उतरत असणार. मीटर खिशात होतं. त्यांनी ते काढलं नाही. दार उघडलं असतं तर साडू जागा झाला असता.

अखेर वहिनी पायऱ्यांवर आल्या. "झालं. ताई शुद्धीवर आली, पाणी मागतेय. भावोजींना सांगा. आणि तुम्ही उन्हात का उभे?"

साडूला उठवलं. त्याने तोंड पुसलं, वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "साहेब, तिला दहा दिवस इथून सोडणार नाहीत. घरी एकट्याला... दहा खोल्या आहेत हो, पण झोप नाही. ही गाडी इथेच आवारात राहू दे, मी हिच्यात झोपतो. खिडकीतून तिची खोली दिसते. तुम्ही दोघं घरी जा. आमच्या पलंगावर झोपा, संकोच करू नका."

मापसाहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी दुसरीकडे बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा शेवटचा आकडा असा. ताईंना नवा गुडघा मिळाला. वहिनींना त्यांचा हात वेळेवर मिळाला. साडूला झोप मिळाली, वखारवाल्याला एकोणीस वर्षांनी रिकामं पारडं दाखवता आलं, आणि दुसऱ्या बॅटरीला न्याय मिळाला. या सगळ्याची भरपाई एकट्या मापसाहेबांनी केली: दहा दिवस, साडूच्या घरात, साडूच्या गादीवर. ती गादी व्हॅनमधल्या गादीपेक्षा सव्वा फूट रुंद आहे. हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मोजलं आणि कुणालाही सांगितलं नाही.